लुई ब्रेल

लुई ब्रेल (४ जानेवारी १८०९ – ६ जानेवारी १८५२) हे फ्रेंच शिक्षक व ऑर्गनवादक होते. अंध व्यक्तींना बोटांनी वाचता आणि स्वतःच्या हाताने लिहिता येईल अशी सहा ठिपक्यांची लिपी त्यांनी तयार केली. ही लिपी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. वयाच्या तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कामाच्या खोलीत एका हत्याराने झालेली जखम हे त्यांच्या अंधत्वाचे कारण होते.

== बालपण आणि अपघात ==

ब्रेल यांचा जन्म पॅरिसच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या कूव्रे या गावी झाला. चार भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील सिमाँ-रने ब्रेल हे जीनगर होते. घोड्यांची खोगिरे, लगाम आणि चामड्याचा इतर साज ते बनवीत. कामाची खोली राहत्या घरातच होती. चामडे कापण्याच्या रापी, भोके पाडण्याच्या आऱ्या, सुया, हातोडे अशी हत्यारे तिथे रोजच्या वापरात असत. घर आणि कारखाना यांत भिंतीपलीकडचे अंतर नसलेल्या त्या काळच्या कारागीर कुटुंबांत मुले हत्यारांच्या सहवासातच वाढत. सिमाँ-रने यांना निष्काळजी ठरवणे म्हणूनच सोपे असले तरी न्याय्य नाही.

१८१२ मध्ये लहानगा लुई वडिलांची नक्कल करीत चामड्याच्या तुकड्याला भोक पाडू लागला. आरीचे टोक सुईसारखे तीक्ष्ण असते आणि चामडे चिवट. जोर लावूनही टोक आत शिरत नाही आणि मग एकाएकी निसटते; लावलेला सारा जोर त्या टोकाबरोबर पुढे जातो. मुरलेला कारागीर म्हणून चामडे पक्के धरतो, आरी उभी ठेवतो आणि तोंड तिच्या रेषेबाहेर राखतो. तीन वर्षांच्या मुलाला यातले काहीच ठाऊक नव्हते. नीट दिसावे म्हणून तो खाली वाकला होता. आरी घसरली आणि तिचे टोक त्याच्या एका डोळ्यात शिरले.

जखम आकाराने लहान होती, परंतु डोळ्याला भेदणारी होती. गावात मलमपट्टी झाली. जंतुनाशकांचा वापर आणि जंतूंविषयीचे ज्ञान त्या वेळी अजून काही दशके दूर होते. जखमी डोळा चिघळला आणि पुढे दुसऱ्या, न दुखावलेल्या डोळ्याची दृष्टीही मंदावू लागली. एका डोळ्याला भेदक इजा झाल्यावर शरीराची संरक्षक यंत्रणाच दुसऱ्या डोळ्यावर उलटते, असा विकार आज नेत्रवैद्यकाला माहीत आहे. लुईच्या बाबतीत तेच घडले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. पाचव्या वर्षापर्यंत त्याला पूर्ण अंधत्व आले.

आईवडिलांनी मुलाला घरात कोंडून ठेवले नाही, ही गोष्ट पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने अपघाताइतकीच निर्णायक ठरली. वडिलांनी त्याला काठ्या करून दिल्या. फळीवर खिळे ठोकून अक्षरांचे आकारही शिकवले, असे सांगतात. गावच्या शाळेत तो डोळस मुलांबरोबर बसे आणि ऐकून शिके.

== पॅरिसमधील शिक्षण ==

१८१९ मध्ये वयाच्या दहाव्या वर्षी लुईला पॅरिसच्या राजकीय अंध युवक संस्थेत प्रवेश मिळाला. संस्थेचे संस्थापक व्हालांतँ आयुई यांनी उठावाच्या रोमन अक्षरांत पुस्तके छापली होती. ती अवजड, महाग आणि मोजकीच होती. शिवाय एकेक अक्षर चाचपून वाचण्यास फार वेळ लागे आणि विद्यार्थ्याला तशी अक्षरे स्वतः लिहिता येत नसत. डोळसांची अक्षरे फक्त उंच केली म्हणजे ती बोटांना सोयीची होतात, हा समजच मुळात चुकीचा होता.

तोफखान्यातील माजी अधिकारी शार्ल बार्बिए यांची ठिपक्यांची पद्धत १८२१ च्या सुमारास संस्थेत आली. तिच्यात एका चिन्हासाठी बारापर्यंत ठिपके लागत आणि चिन्हे उच्चारांची असत. त्यामुळे शुद्धलेखन व विरामचिन्हे यांना जागा नव्हती. मुख्य अडचण अशी, की एवढे उंच चिन्ह बोटाच्या टोकाखाली एका वेळी मावत नसे. लुईने सुटीत आणि रात्री जागून या पद्धतीत बदल केले. १८२४ पर्यंत, पंधराव्या वर्षी, नवी मांडणी मुख्यतः तयार झाली: दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके. या सहा ठिपक्यांतून ६३ चिन्हे तयार होतात आणि कोणतेही चिन्ह एका स्पर्शात कळते.

ज्या आरीने डोळा गेला तीच घेऊन त्याने ही लिपी घडवली, अशी कथा बालवाङ्मयात आढळते. कथा हृद्य आहे. परंतु ठिपके उठवण्याची पट्टी व टोचणी बार्बिए यांच्या पद्धतीबरोबरच संस्थेत पोहोचली होती. टोचणी आणि आरी यांचे साम्य मात्र खरे आहे.

== अध्यापन, विरोध आणि अखेर ==

ब्रेल पुढे त्याच संस्थेत शिक्षक झाले. पॅरिसच्या चर्चमध्ये ते ऑर्गनही वाजवीत. लिपीचे पहिले पुस्तक १८२९ मध्ये व सुधारित आवृत्ती १८३७ मध्ये निघाली. विद्यार्थ्यांनी लिपी उत्साहाने उचलली. संस्थाचालकांची वृत्ती वेगळी होती. १८४० मध्ये संचालक झालेले द्युफो यांनी तिला मनाई केली; मुले ती चोरून वापरीत राहिली. सहायक ग्वादे यांच्या पाठिंब्याने १८४४ मध्ये नव्या इमारतीच्या समारंभात तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि विरोध मावळला.

दरम्यान ब्रेल यांना क्षयाने ग्रासले होते. त्रेचाळिसावा वाढदिवस उलटून दोनच दिवस झाले असता त्यांचे निधन झाले. संस्थेने लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती त्यानंतर, १८५४ मध्ये.

== वारसा ==

भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ही समान संहिता मान्य झाली. मराठी ब्रेल तिच्यावरच आधारलेली आहे. २००९ मध्ये, जन्मद्विशताब्दीनिमित्त, भारत सरकारने ब्रेल यांच्या स्मरणार्थ दोन रुपयांचे नाणे काढले. ४ जानेवारी हा जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळला जातो.

१९५२ मध्ये ब्रेल यांचे अवशेष पॅरिसच्या पाँतेआँ या स्मारकात हलवण्यात आले. हातांचे अवशेष मात्र कूव्रे येथेच ठेवले आहेत. तेथील जन्मघर आता संग्रहालय असून वडिलांची कामाची खोली त्यात पाहावयास मिळते.