२३ व्या वर्षी समाजाने वाळीत टाकलं. स्पिनोझाने माफीही मागितली नाही आणि दुसरा धर्मही धरला नाही

तारीख होती २७ जुलै १६५६. ॲमस्टरडॅममधल्या एका कालव्याकाठी असलेल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू लोकांच्या प्रार्थनास्थळात, एक हुकूम वाचून दाखवण्यात आला. २३ वर्षांच्या एका तरुण व्यापाऱ्याला समाजातून बाहेर काढण्यात येत होतं.

हुकमात आधी भरपूर शाप होते आणि मग नियम. त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. पत्र लिहायचं नाही. त्याच्यासोबत एका छपराखाली राहायचं नाही, चार हातांच्या आत जायचं नाही. आणि त्याने लिहिलेलं काही वाचायचं नाही.

गंमत म्हणजे तोवर या पोराचं एकही पुस्तक छापून आलेलं नव्हतं.

पोराचं नाव बारुख स्पिनोझा. पुढे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या तत्त्वज्ञांमध्ये त्याची गणना झाली. १९२९ साली आइन्स्टाईनला देव मानतोस का, असं विचारण्यात आलं, तेव्हा त्याने उत्तरात याच माणसाचं नाव घेतलं.

पण त्याच्यावर ही वेळ का आली, हे कळायचं तर तो ज्या समाजात वाढला तो समाज बघावा लागतो.

हे लोक मूळचे पोर्तुगाल आणि स्पेनचे. तिथे ज्यूंना बळजबरीने ख्रिस्ती करण्यात आलं होतं आणि घरात गुपचूप जुना धर्म पाळणाऱ्यांच्या मागे इन्क्विझिशन लागायचं. हा शब्द गोव्याला नवा नाही. पोर्तुगीजांनी १५६० साली तिथेही तेच न्यायालय बसवलं होतं. तर या छळातून सुटलेली काही कुटुंबं ॲमस्टरडॅमला आली आणि पिढ्यानपिढ्या विसरत चाललेला आपला धर्म नव्याने शिकायला लागली. स्पिनोझाच्या वडिलांचा जन्मही पोर्तुगालमधलाच.

शहराने त्यांना राहू दिलं, पण अटी घालून. १६१६ सालचा नियम होता की ज्यूंनी ख्रिस्ती धर्माविरुद्ध लिहा-बोलायचं नाही आणि ख्रिस्ती बायकांशी संबंध ठेवायचे नाहीत. म्हणजे एकाने आगाऊपणा केला तर सगळ्यांच्या डोक्यावरचं छप्पर जाणार. त्यामुळे समाजाच्या कारभारी मंडळाने आपल्या माणसांवर कडक पहारा ठेवला. पुस्तक छापायचं तर परवानगी, बाहेरच्यांशी धर्मावर वाद घालायला बंदी. न जुमानणाऱ्यावर ‘हेरेम’, म्हणजे बहिष्कार. ठरलेला खाटीक सोडून दुसरीकडून मटण आणलं तरी हेरेम लागू शकायचा. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

स्पिनोझाचा जन्म २४ नोव्हेंबर १६३२ चा. घरात पोर्तुगीज, शाळेत हिब्रू, रस्त्यावर डच. तो सहा वर्षांचा होण्याआधीच आई गेली. शाळेत हुशार होता, पण धर्मगुरू होण्यासाठी जे वरचे वर्ग असायचे त्यांच्या यादीत त्याचं नाव सापडत नाही. १६४९ मध्ये भाऊ इसाक वारला. मग बहीण, मग सावत्र आई, १६५४ मध्ये वडील. पाच वर्षांत घरातून चार तिरड्या निघाल्या आणि धाकटा भाऊ गॅब्रिएलसोबत सुक्या मेव्याचा कर्जात बुडालेला धंदा त्याच्या गळ्यात पडला.

याच सुमारास तो फ्रान्सिस्कस वान डेन एंडेन नावाच्या माणसाकडे लॅटिन शिकू लागला. आधी जेझुइट असलेला हा गडी आता मोकळ्या विचारांची शाळा चालवत होता. लॅटिन आलं की त्या काळातलं सगळं नवं विज्ञान आणि तत्त्वज्ञान वाचता यायचं. इकडे सिनेगॉगला कबूल केलेली वर्गणी थकायला लागली. मार्च १६५६ मध्ये तर वडिलांच्या कर्जातून सुटण्यासाठी त्याने समाजाच्या कारभाऱ्यांना बाजूला ठेवून थेट शहराच्या सरकारकडे धाव घेतली. वय २५ च्या आत असल्याने कायद्याने आपण अनाथ बालक, हा त्याचा मुद्दा होता आणि तो मान्यही झाला.

चारच महिन्यांनी हेरेम आला.

पण गुन्हा नेमका काय? हुकमात भयानक विचार आणि भयानक कृत्यं एवढंच मोघम लिहिलंय. खरी माहिती मिळते ती, कमाल बघा, इन्क्विझिशनच्या दप्तरातून. १६५९ मध्ये एका साधूने माद्रिदला जबानी दिली की ॲमस्टरडॅममध्ये आपल्याला स्पिनोझा आणि त्याच्यासारखाच बहिष्कृत झालेला हुआन दे प्रादो भेटले होते. आत्मा शरीराबरोबर मरतो, मोझेसचा कायदा खरा नाही आणि देव असलाच तर तो फक्त तत्त्वज्ञानातला, असं मानल्यामुळे त्यांना बाहेर काढलं होतं. त्याच साधूने आणखी एक सांगितलं. आपल्या माणसांशी बोलणं तुटलं याचं त्यांना वाईट वाटत होतं.

आता हेरेम हा काही कायमचा नसायचा. दंड भरा, माफी मागा, परत या. बहुतेक जण यायचेच. परत येणं कसं असतं, याचं एक उदाहरण मात्र त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. उरिएल दा कोस्टा हा पोर्तुगालहून आलेला विचारवंत धर्मावर प्रश्न विचारल्यामुळे बहिष्कृत झाला. एकटेपणाला कंटाळून शेवटी शरण आला. त्याने लिहून ठेवलंय त्यानुसार, भर सिनेगॉगमध्ये खांबाला बांधून त्याला ३९ फटके मारले गेले. मग त्याला उंबऱ्यावर आडवं केलं आणि बाहेर पडणारा प्रत्येक जण त्याच्या अंगावरून गेला. त्यानंतर थोड्याच काळात, १६४० मध्ये, त्याने स्वतःला गोळी घातली. तेव्हा स्पिनोझा सात वर्षांचा होता.

स्पिनोझा परत गेला नाही. त्या काळी दुसरा रस्ता होता तो ख्रिस्ती व्हायचा. तिथे त्याचं स्वागतच झालं असतं, कारण त्याचे बरेच मित्र मेनोनाइट आणि तशाच पंथांतले होते. तोही रस्ता त्याने घेतला नाही. कुठल्याच धर्माच्या वहीत नाव नसलेला माणूस ही गोष्ट १७ व्या शतकात जवळपास अशक्य होती. लग्न, मैत, शेजार, उधारी, सगळं धर्माच्या आधारावर चालायचं.

बारुख या नावाचा अर्थ आशीर्वाद मिळालेला. त्याने त्याच अर्थाचं बेनेडिक्टस हे लॅटिन नाव घेतलं. धंदा गेला, कारण गॅब्रिएलला त्याच्याशी व्यवहार करता येईना. पुढे काही वर्षांनी गॅब्रिएलही कॅरिबियन बेटांवर निघून गेला. स्पिनोझा काचा घासायला शिकला. दुर्बिणीची आणि सूक्ष्मदर्शकाची भिंगं बनवून पोट भरायचं आणि भाड्याच्या खोलीत लिहायचं, असा त्याचा दिवस. आधी राइन्सबर्ग, मग फोरबर्ग, शेवटी हेग. ख्रिस्तियान हायगेन्ससारखा शास्त्रज्ञ त्याच्या भिंगांचं कौतुक करायचा, पण भावाला लिहिलेल्या पत्रांत त्याचा उल्लेख फोरबर्गचा ज्यू असाच करायचा. म्हणजे ज्यूंनी ज्यू मानायचं सोडलं होतं आणि बाहेरच्यांसाठी तो अजूनही ज्यूच होता.

१६६५ मध्ये एका धान्याच्या व्यापाऱ्याला डचमध्ये पत्र लिहिताना त्याने सहज म्हटलं की लहानपणीच्या भाषेत लिहिता आलं असतं तर मला जास्त नीट सांगता आलं असतं. ही भाषा बहुधा पोर्तुगीज. ती समजणारे सगळे लोक चार हातांच्या पलीकडे होते.

१६७० मध्ये त्याने नाव न टाकता एक पुस्तक छापलं. बायबल माणसांनी लिहिलेलं आहे, इतर ग्रंथांसारखंच ते तपासावं आणि राज्याने माणसाच्या विचारांवर पहारा ठेवू नये, हे त्याचं म्हणणं. १६७४ मध्ये डच सरकारने त्यावर बंदी घातली. १६७३ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने प्राध्यापकाची नोकरी देऊ केली होती. प्रस्थापित धर्माला धक्का लावणार नाही ही अपेक्षा होती, म्हणून त्याने नम्रपणे नकार कळवला. सर्वांत महत्त्वाचा ‘एथिक्स’ हा ग्रंथ तर त्याने जिवंतपणी छापलाच नाही.

२१ फेब्रुवारी १६७७ ला, वयाच्या ४४ व्या वर्षी, छातीच्या आजाराने तो हेगच्या भाड्याच्या खोलीत गेला. ठरल्याप्रमाणे घरमालकाने त्याची हस्तलिखितं ॲमस्टरडॅमच्या प्रकाशकाकडे पोचवली आणि त्याच वर्षी ती छापली गेली. त्यात एक अर्धवट राहिलेलं पुस्तकही होतं, हिब्रू भाषेचं व्याकरण.

हयात असलेली बहीण रेबेका वारसा मागायला पुढे आली, पण मालमत्तेपेक्षा देणीच भारी पडतील असं दिसल्यावर तिने हक्क सोडला. त्याला पुरलं ते एका चर्चमधल्या भाड्याच्या कबरीत.

२०१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या पोर्तुगीज ज्यू समाजाने हा विषय पुन्हा चर्चेला घेतला. अभ्यासकांना बोलावलं, परिसंवाद झाला. शेवटी मुख्य धर्मगुरूंनी मत दिलं की बहिष्कार उठवू नये. तो आजही कायम आहे.