मोटारीला आवाज देणारा अवलिया

नवी गाडी दारात आली की पहिली फेरी देवळाकडे आणि दुसरी कार-डेकोरच्या दुकानाकडे, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. कंपनीने बसवून दिलेले पुढच्या दारांतील स्पीकर हौशी मालकाला पुरत नाहीत. मग मागच्या सीटच्या पाठीमागे डिकीवर झाकणासारखी असणारी हलकी फळी काढली जाते. तिच्या जागी जाड प्लायवूडची फळी येते, तीत सहा बाय नऊ इंचांची दोन लंबगोल भोके पाडली जातात आणि तेथे नवे स्पीकर विराजमान होतात. छोट्या हॅचबॅकमध्ये मोठा स्पीकर बसेल अशी दुसरी मोकळी जागा बहुधा नसतेच. कंपनीची फळी पातळ असल्याने स्पीकरच्या धक्क्यांनी तीच थरथरू लागते आणि गाण्यात खडखडाट मिसळतो. शिवाय स्पीकरच्या पुढून व मागून निघणाऱ्या ध्वनिलहरी एकत्र आल्या की परस्परांना मारतात आणि खर्ज हरवतो. जाड व घट्ट बसलेली फळी या दोन्ही लहरींना एकमेकींपासून दूर ठेवते आणि खालची डिकी स्पीकरच्या पेटीचे काम करते.

इंजिनचा गोंगाट, रस्त्याचे हादरे, बॅटरीची मर्यादित ताकद आणि जागेची चणचण हे मोटारीतील संगीताचे चार जुने शत्रू आहेत. त्यांच्याशी साधारण पस्तीस वर्षांच्या अंतराने दोनदा झुंज घेणारा माणूस आज ओळखला जातो तो मात्र धनिकांच्या चिमुकल्या जेट विमानांमुळे. त्यांचे नाव विल्यम पॉवेल लियर.

लियर यांचा जन्म २६ जून १९०२ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यात, मिसिसिपीच्या काठावरील हॅनिबल या गावी झाला. मार्क ट्वेन यांचे बालपण गेले तेच हे गाव. आईवडिलांचे पटले नाही. आईने दुसरा संसार शिकागोत मांडला आणि मुलगा तिच्याबरोबर वाढला. घरातील वातावरण कडक आणि अस्थिर होते. आठवीनंतर शाळा सुटली ती कायमची. मग गॅरेजमधील उमेदवारी, नौदलातील काही काळ आणि रेडिओचे वेड. ऐन विशीत त्यांनी हॅनिबलजवळच्याच क्विन्सी या गावात रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय थाटला. अभियांत्रिकीची पदवी नाही, भांडवल नाही, पण अवघड यंत्र समोर आले की ते उघडून आणखी लहान कसे करता येईल, हा एकच प्रश्न या तरुणाच्या डोक्यात घोळत असे. पुढच्या पन्नास वर्षांत त्यांनी जे जे केले त्याचे मूळ या प्रश्नात सापडते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

त्या काळचा रेडिओ म्हणजे लाकडी कपाटच. आतील तारेची वेटोळीच बरीच जागा खात. लियर यांनी केसासारख्या बारीक तारांची वेणी वापरून वेटोळ्यांचा आकार कमी केला आणि शिकागोतील रेडिओ कंपन्यांना ती विकायला सुरुवात केली. याच शिकागोत त्यांची गाठ पॉल गॅल्व्हिन यांच्याशी पडली. गॅल्व्हिन यांच्या कंपनीची स्थापना १९२८ मधली. बॅटरीवरचा रेडिओ घरच्या विजेवर चालवणारे एक साधन ते बनवीत. थेट विजेवर चालणारे रेडिओ आले तशी त्याची मागणी ओसरली आणि १९२९ च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला. गॅल्व्हिन यांना नवा माल हवा होता. लियर आणि क्विन्सीचाच तरुण एल्मर वेव्हरिंग यांच्या डोक्यात मोटारीचा रेडिओ होता.

मोटारीत रेडिओ ठेवण्याचे प्रयोग त्याआधीही अनेकांनी केले होते. त्यामुळे कार रेडिओचे जनक म्हणून केवळ लियर यांचे नाव घेणे बरोबर नाही. ते श्रेय वाटूनच द्यावे लागते. पण आधीचे संच महागडे, नाजूक आणि खरखर करणारे होते. इंजिनातील प्रत्येक ठिणगी ही रेडिओच्या दृष्टीने एक छोटेसे प्रक्षेपण केंद्रच असते. स्पार्क प्लगच्या वाटेत रोधक आणि डायनामोवर कंडेन्सर बसवून हा गोंगाट एकेक करून आवरावा लागला. गॅल्व्हिन यांच्या स्टुडबेकर गाडीत संच बसवण्यात आला आणि जून १९३० मध्ये ते ती गाडी घेऊन अटलांटिक सिटीतील रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनाला गेले. तेथे गाडी बाहेर उभी करून त्यांनी रेडिओ मोठ्याने लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवला. मागण्या मिळाल्या. मोटार आणि व्हिक्ट्रोला या शब्दांची सांगड घालून संचाला मोटोरोला हे नाव मिळाले आणि १९४७ मध्ये कंपनीनेही तेच नाव धारण केले.

हा संच बसवणे म्हणजे गाडीवर शस्त्रक्रियाच होती. छताचे अस्तर उसवून आत अँटेना पसरायची, जादा बॅटऱ्यांसाठी पायाखालच्या फळ्या कापायच्या, रेडिओचा डबा एकीकडे आणि स्पीकर दुसरीकडे बसवायचा, नियंत्रणाची बटणे चालकाच्या हाताशी आणायची. दोन कसबी माणसांचे काही दिवस त्यात जात. संचाची किंमत ११० ते १३० डॉलर म्हणजे ऐन मंदीत चैनच. कर्ज देणाऱ्या बँकरला खूश करण्यासाठी त्याच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवला आणि थोड्याच वेळात गाडीने पेट घेतला, अशी एक कथा या मंडळींबद्दल सांगितली जाते. आजही वायरिंग करताना फ्यूज न लावणाऱ्या कारागिरांनी ती जरूर ऐकावी.

धंदा मार्गी लागताच लियर त्यातून बाहेर पडले. गॅल्व्हिन आणि वेव्हरिंग टिकून राहिले, कंपनी मोठी झाली, वेव्हरिंग पुढे तिचे अध्यक्ष झाले. लियर यांना विमानाने भुरळ घातली होती. हातात पैसा येताच त्यांनी एक छोटे विमान घेतले, उडायला शिकले आणि आकाशात दिशा शोधणे किती कठीण आहे हे कळल्यावर विमानाच्या दिशादर्शक रेडिओच्या मागे लागले. महायुद्धाने त्यांच्या कारखान्याला भरपूर काम दिले. युद्धानंतर लढाऊ जेट विमानात मावेल एवढा आटोपशीर स्वयंचालक त्यांनी तयार केला आणि त्याबद्दल १९४९ चा कोलियर करंडक राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते स्वीकारला. त्यांच्या नावावरील पेटंटांची संख्या शंभराच्या पुढे गेली.

खाजगी आयुष्य मात्र असे बेतशीर नव्हते. तीन विवाह मोडल्यानंतर १९४२ मध्ये त्यांनी विनोदी नट ओल ओल्सेन यांची कन्या मोया हिच्याशी लग्न केले आणि ते अखेरपर्यंत टिकले. एका मुलीचे नाव त्यांनी शांडा ठेवले. पूर्ण नाव उच्चारले की शांडलियर, म्हणजे झुंबर! मुलीला जन्मभर वागवावा लागेल असा विनोद करताना वडिलांनी तिचा विचार किती केला होता, कोण जाणे. हाताखालच्या अभियंत्यांचे अनुभवही असेच होते. लियर त्यांना झपाटून कामाला लावत, रात्री-अपरात्री बोलावत आणि मनासारखे झाले नाही की क्षणात कामावरून दूर करत.

साठीला टेकल्यावर माणसे आवराआवर करतात. लियर यांनी छोटे जेट विमान बनवण्याचे ठरवले. त्यांच्याच कंपनीच्या संचालक मंडळाला ते पटले नाही, तेव्हा १९६२ मध्ये त्यांनी आपला हिस्सा विकून टाकला आणि कॅन्सस राज्यातील विचिटा येथे कारखाना उभारला. ७ ऑक्टोबर १९६३ रोजी लियरजेटने पहिले उड्डाण केले. पुढच्या जून महिन्यात सरकारी चाचणीत तेच पहिले विमान शेतात उतरून जळाले. सुदैवाने माणसे वाचली आणि पंखांवरचे अडथळे उघडे राहिल्यामुळे अपघात झाल्याचे स्पष्ट झाले. विमा कंपनीकडून आलेली रक्कम अडचणीत सापडलेल्या कारखान्याच्या कामी आली आणि जुलै १९६४ अखेर विमानाला प्रमाणपत्रही मिळाले.

याच धामधुमीत लियर पुन्हा मोटारीतील संगीताकडे वळले. त्या सुमारास कॅलिफोर्नियात अर्ल मंट्झ नावाचे एक भडक जाहिरातबाज व्यापारी मोटारींत टेप बसवून देत. त्यांच्या डबीतील फितीला शेवटच नव्हता. गुंडाळीच्या आतल्या कडेने फीत बाहेर यायची आणि वाजून बाहेरच्या वेढ्यावर परत जायची. ही कल्पनाही मंट्झ यांची स्वतःची नव्हे, ती रेडिओ केंद्रांवर आधीच रुळली होती. लियर यांनी मंट्झ यांच्याकडून माल घेतला, उघडून पाहिला आणि सवयीप्रमाणे तो त्यांना अपुरा वाटला. पाव इंच रुंदीच्या फितीवर मंट्झ चार ध्वनिरेषा मुद्रित करत, लियर यांनी आठ केल्या. फीत ओढणारे रबरी चाक यंत्रातून काढून डबीतच घातले. चालकाने रस्त्यावरची नजर न हटवता डबी खाचेत ढकलायची, बस्स. याला स्टिरिओ एट हे नाव मिळाले, लोकांनी मात्र एट ट्रॅक म्हटले. दुसऱ्याच्या कल्पनेवर त्यांनी कळस चढवला असे म्हणावे, की तिचा घास घेतला असे म्हणावे, हा वाद जुना आहे. मंट्झ यांची चार रेषांची फीत काही वर्षांत बाजारातून हद्दपार झाली, हे मात्र खरे.

सप्टेंबर १९६५ मध्ये फोर्डने आपल्या १९६६ च्या गाड्यांत हा संच जादा पैसे देऊन घेण्याची सोय केली. आरसीए व्हिक्टर कंपनीने सोबत १७५ ध्वनिफिती बाजारात आणल्या. पहिल्याच वर्षी सुमारे ६५ हजार गाड्यांत तो बसला. गंमत अशी की फोर्डसाठी हे संच बनवले ते मोटोरोलाने!

मोटारीतील स्पीकरच्या दृष्टीने ही घटना रेडिओइतकीच महत्त्वाची ठरली. साध्या रेडिओला डॅशबोर्डमधला एक स्पीकर पुरत असे. फितीवरचे संगीत मात्र डावे आणि उजवे असे दोन भागांत आले होते. एका स्पीकरवर ते ऐकणे म्हणजे जुगलबंदीतल्या एका कलाकाराला उठवून देणे. दारे कापली जाऊ लागली, मागच्या सीटपाठची फळीही हळूहळू स्पीकरच्या कामी आली. जोडी आली तशी जोडीची पथ्येही आली. दोन स्पीकरपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि स्पीकर कितीही भारी असले तरी तबल्याचा डग्गा पोकळ वाजतो. जाणता कारागीर तारांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून दोन्ही पडदे एकाच दिशेने हलतात का, हे आधी पाहून घेतो.

एट ट्रॅकचे दोष लवकरच उघड झाले. फीत मागे नेता येत नसे, ध्वनिरेषा बदलताना ऐन गाण्यात खटका बसे, कधी फीत आतच गुंतून बसे. १९६३ मध्ये आलेल्या फिलिप्सच्या छोट्या कॅसेटने हळूहळू तिची जागा घेतली आणि १९८० च्या दशकाच्या प्रारंभी एट ट्रॅक दुकानांतून दिसेनाशी झाली. आपल्याकडे घरोघरी आणि गाडोगाडी पोहोचली ती ही कॅसेटच.

लियर तोवर केव्हाच पुढे गेले होते. विमानांची विक्री मंदावली, कर्ज वाढले आणि १९६७ मध्ये लियरजेट कंपनी त्यांना गेट्स रबर कंपनीला विकावी लागली. पैसा मिळाला, पण काम गेले. त्या रिकामपणात त्यांना जीव नकोसा झाला होता, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. पुढे नेव्हाडातील रेनो येथे त्यांनी धूर न ओकणाऱ्या वाफेच्या मोटारीचा ध्यास घेतला, एक बसही चालवून दाखवली आणि पदरचे लक्षावधी डॉलर त्यात गमावले. वाफेचे इंजिन लहान होईना. आयुष्यभर साथ देणारी युक्ती येथे चालली नाही.

अखेरचा डाव पुन्हा विमानाचाच होता. धातूऐवजी कार्बनतंतूंच्या साहित्याचे, शेपटीत पंखा असलेले लियर फॅन. ते पूर्ण होण्याआधीच १४ मे १९७८ रोजी रेनो येथे रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. विमान पुरे करण्याची गळ त्यांनी पत्नीला घातली होती आणि मोया यांनी ती मनावर घेतली. ब्रिटिश सरकारने उत्तर आयर्लंडमधील कारखान्यासाठी निधी दिला, पण १९८० संपण्यापूर्वी उड्डाण व्हावे अशी अट होती. ३१ डिसेंबरला यंत्रात बिघाड झाला आणि विमान उडाले ते १ जानेवारी १९८१ रोजी. अधिकाऱ्यांनी उदार मनाने त्या दिवसाची नोंद ३२ डिसेंबर १९८० अशी केली! तरीही विमानाला प्रमाणपत्र मिळाले नाही आणि १९८५ मध्ये कंपनी बंद पडली. मोया लियर यांचे २००१ मध्ये निधन झाले. पुढे बॉम्बार्डियरच्या मालकीच्या झालेल्या लियरजेटचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. लियर फॅनच्या तयार झालेल्या तीन नमुन्यांपैकी एक सिएटलच्या विमान संग्रहालयाने जपून ठेवला आहे.