उपग्रहाचा हिशेब मांडणारे डॉ. विक्रम साराभाई

अहमदाबादच्या कॅलिको मिलचे श्री. अंबालाल साराभाई व सौ. सरलादेवी या जैन दांपत्याच्या पोटी दि. १२ ऑगस्ट १९१९ रोजी विक्रमभाईंचा जन्म झाला. घरी लक्ष्मी पाणी भरत होती. मुलाने पेढीवर बसून कापडाचे भाव पाहिले असते तरी कोणासही वावगे वाटले नसते. परंतु त्यांचे मन विश्वकिरणांच्या अभ्यासात रमले. केंब्रिज, बंगलोर येथे सर सी. व्ही. रामन यांचे सान्निध्य आणि पुनश्च केंब्रिज असा प्रवास करून, डॉक्टरेट संपादन केल्यावर १९४७ साली त्यांनी अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. कापडधंद्याशी नाते मात्र सुटले नाही. गिरण्यांसाठी संशोधन करणारी ‘अटिरा’ ही संस्था त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली.

दि. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून पहिले अग्निबाण उडाले. अर्धपोटी देशाला हे खेळ कशाला, अशी टीका तेव्हा झाली व ती अगदीच निराधार होती असेही नाही. विक्रमभाईंचे उत्तर व्यापारी घराण्यास शोभेल असे, हिशेबाचे होते. त्या काळी दूरदर्शन फक्त दिल्लीत होते. मुंबईत यायला १९७२ साल उजाडले. मनोरे उभारीत गेल्यास आधी शहरे, मग तालुके आणि सर्वांत शेवटी खेडी, असा क्रम लागणार. याउलट विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून आकाशात स्थिर भासतो. असा एकच उपग्रह संपूर्ण देशावर दृष्टी ठेवू शकतो. त्याला शहर व खेडे यांत भेद नाही! शेती, आरोग्य व शिक्षण यांची माहिती ज्याला सर्वाधिक हवी त्याच्या दारी ती आधी पोचावी, हा त्यामागील हेतू होता.

सप्टेंबर १९६९ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’शी करार झाला. आपल्या पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे परदेशांशी दूरसंचारासाठी उपग्रह भूकेंद्र उभारले गेले व १९७१ साली ते कार्यान्वित झाले. त्याच वर्षी, दि. ३० डिसेंबर रोजी कोवलम येथे विक्रमभाईंचे अकस्मात निधन झाले. वय अवघे ५२.

दि. १ ऑगस्ट १९७५ रोजी ‘साइट’ प्रयोग सुरू झाला. त्याची धुरा त्यांचे सहकारी प्रा. एकनाथ चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाकडे होती. सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत, खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या छत्र्या उभ्या राहिल्या व चावडीपुढे लोक चित्रे पाहू लागले. उपग्रह मात्र उसना होता. वर्षाची मुदत सरताच अमेरिकेने तो परत नेला.

स्वतःचा ‘अ‍ॅपल’ हा प्रायोगिक दूरसंचार उपग्रह जून १९८१ मध्ये फ्रेंच गियानातून सुटला. अँटेनाच्या चाचणीत मोटारीच्या लोखंडाचा अडथळा नको म्हणून त्यास चक्क बैलगाडीवर चढविले होते! अवकाशात त्याचे एक सौरपंख उघडले नाही, तरी दोन वर्षांहून अधिक काळ त्याने सेवा दिली. १९८२ चा ‘इन्सॅट-१ए’ काही महिन्यांतच निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मध्ये ‘इन्सॅट-१बी’ गेला, आणि तो टिकला.