तंद्रीतला कवी

मराठीत जागेपणीच्या स्वप्नांसाठी शब्दांची वाण नाही. कोणी मनोराज्ये रचतो, कोणी हवेत इमले बांधतो, कोणी मनातले मांडे खातो. या साऱ्या शब्दप्रयोगांत स्वप्न पाहणारा माणूस कर्ता असतो आणि ऐकणाऱ्याच्या ओठांवर थोडे हसू असते. 'तंद्री' या शब्दाची जात मात्र वेगळी आहे. तंद्री कोणी रचत नाही, ती लागते. भूक लागावी, झोप लागावी, समाधी लागावी तशी. संस्कृतात हा शब्द गुंगी आणि आळस यांच्या घरचा. मराठीने त्याला एकाग्रतेच्या जवळ आणून बसवले. हा शब्द ज्यांच्या नावाला कायमचा चिकटला, त्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे ऊर्फ बालकवी यांच्या आयुष्याकडे पाहताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

बालकवींचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशातील धरणगाव येथे झाला. वडील पोलीस खात्यात होते. त्यांच्या बदल्यांमुळे बालपण खानदेशातल्या निरनिराळ्या गावांतून गेले. शाळा एका जागी टिकली नाही आणि शिक्षणही फार पुढे गेले नाही. नदीकाठ, माळराने आणि रान हीच त्यांची खरी पाठशाळा ठरली. तासन् तास पाण्याकडे किंवा आकाशाकडे पाहत बसणाऱ्या मुलाला प्रपंची माणसे ज्या विशेषणांनी संबोधतात, ती कौतुकाची नसतात. वेंधळा, लहरी, हातून काही न होणारा, ही त्यांतली सौम्य विशेषणे.

१९०७ साली जळगावात कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. लष्करी वैद्यकीय सेवेतला हा माणूस वनस्पतिशास्त्राचाही जाणकार होता. सतरा वर्षेही पूर्ण न झालेल्या ठोंबऱ्यांची कविता ऐकून त्यांनी या मुलाला 'बालकवी' ही पदवी दिली. वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्याने फुलांच्या कवीला नाव द्यावे, हा योग मोठा सुंदर होता. ज्या वृत्तीला कालपर्यंत वेंधळेपणा म्हटले जाई, तिला त्या दिवशी प्रतिभा हे दुसरे नाव मिळाले. वृत्ती तीच होती, फक्त तिच्यासाठी शब्द बदलला होता.

पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी या मुलाला अहमदनगरला आपल्या घरी आणले. स्वतः फुला-मुलांचे कवी असलेल्या टिळकांना ही तंद्री परकी नव्हती. लक्ष्मीबाई टिळकांनी ठोंबऱ्यांवर आईची माया केली. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'तून दिसणारे ठोंबरे हे आकाशातून उतरलेले कोणी गंधर्व नाहीत. ते रुसणारे, हट्ट करणारे, जीव लावणारे आणि लावून घेणारे घरातले मूल आहेत. कवीला कीर्ती देणारे पुष्कळ भेटतात; त्याचे वेळीअवेळी हरवणे सांभाळून घेणारे घर मात्र क्वचित मिळते. बालकवींना ते काही काळ लाभले.

त्यांची कविता या हरवण्यातूनच आली. 'फुलराणी'तली हिरवळीवरची कोवळी कळी रात्रभर स्वप्नात रमते आणि पहाटेच्या सूर्यकिरणांबरोबर तिचे लग्न लागते. 'औदुंबर' ही अवघ्या आठ ओळींची कविता. तिच्यात गाव, शेत, पायवाट आणि डोह ओलांडून नजर पाण्यात पाय सोडून बसलेल्या झाडापाशी येते आणि तिथेच थांबते. हे झाड खेळकर मूल आहे की विरक्त योगी, यावर समीक्षकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. हा वाद खरे तर शब्दांचाच आहे. झाडाच्या त्या बसण्याला तंद्री म्हणायचे की समाधी? मराठीत दोन्ही 'लागतात', आणि कवितेने दोन्ही अर्थांना जागा ठेवली आहे.

पण तंद्रीत नेहमी आनंदच सापडतो, असे नाही. श्रावणातल्या ऊनपावसाचा हर्ष गाणाऱ्या याच कवीने 'पारवा' आणि 'खेड्यांतील रात्र' यांसारख्या कविता लिहिल्या. अकारण मनाला ग्रासणाऱ्या उदासीनतेचा उगम ते कवितेतून शोधत राहिले. प्रपंच उभा राहिला होता, पैशाची ओढाताण होती, नोकरीत मन रमत नव्हते. पाठ्यपुस्तकांनी पहिला बालकवी घरोघरी नेला, दुसरा मात्र ग्रंथालयांच्या कपाटांत राहिला. त्यामुळे तंद्री म्हणजे निरागस सुख, हा समज पिढ्यान्‌पिढ्या पक्का होत गेला. ज्याला बाहेरचे जग सहज विसरता येते, त्याला आतले जग सहज विसरता येत नाही, हे त्या दुसऱ्या कविता सांगतात.

५ मे १९१८ रोजी जळगाव-भुसावळ मार्गावरील भादली स्थानकाजवळ रेल्वेचे रूळ ओलांडताना मालगाडीखाली सापडून बालकवींचा मृत्यू झाला. वयाची अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. ही हकीकत दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एकीत ते गाडी गाठण्याच्या घाईत होते. दुसरीत ते नेहमीप्रमाणे तंद्रीत होते. घाई आणि तंद्री या परस्परांच्या वैरिणी. तरीही लोकांच्या मनात दुसरीच हकीकत घर करून राहिली, कारण ती कवीला शोभणारी वाटली. घाईत रूळ ओलांडताना कोणीही मरू शकतो. तंद्रीत मात्र कवीच मरतो, असे मानायला मन तयार असते. एका तरुण संसारी माणसाचा भीषण अपघाती अंत या एका शब्दाने जणू सुसह्य करून घेतला. त्यात पत्नीचे उजाड झालेले आयुष्य झाकले गेले आणि न लिहिल्या गेलेल्या कविताही झाकल्या गेल्या.

पुण्यातल्या पेशवे उद्यानात मुलांना घेऊन धावणाऱ्या छोट्या आगगाडीचे नाव 'फुलराणी' आहे. रुळांवर ज्याचा अंत झाला, त्याच्या सर्वांत लाडक्या कवितेचे नाव रुळांवरून धावावे, हा योगायोग कोणाच्या सहसा ध्यानात येत नाही. खिडकीतून बाहेर पाहत गुंग झालेल्या एखाद्या मुलाला मोठी माणसे आजही लक्ष कुठे आहे, म्हणून हटकतात. त्या मुलाला द्यायला भाषेच्या कोठारात वेंधळा हाही शब्द आहे आणि बालकवी हाही. कोणता शब्द त्याच्या वाट्याला येईल, हे बहुधा त्या मुलाच्या हाती नसते.