संगमनेरच्या सूनबाई : कै. डॉ. आनंदीबाई जोशी

प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेले संगमनेर ही पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एक जुनी पेठ होय. या गावच्या एका जोशी घराण्याचे नाव १८८३ साली सातासमुद्रापार गेले, आणि ते नेले घरातील अठरा वर्षांच्या सुनेने. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही थोडेबहुत ठाऊक आहे. तरीही यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही तेच निवडले, याला कारण आहे. आज आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांतून मुलगा व सून, अथवा मुलगी व जावई, जोडीने परदेशी विद्यापीठांत शिकावयास जातात. आपण त्यांना हारतुरे देतो, त्यांची छायाचित्रे छापतो. हीच इच्छा मनात धरणाऱ्या एका जोडप्याला त्या काळी काय सोसावे लागले, आणि त्यात ज्ञातीचा वाटा कोणता होता, हे आपल्या कुटुंबांना माहीत असावे असे आम्हांस वाटते.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. वडील गणपतराव जोशी हे कल्याणचे. घराणे एके काळी सुखवस्तू, परंतु पुढे उतरतीस लागलेले. वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ साली, यमुनेचा विवाह गोपाळ विनायक जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव मूळचे संगमनेरचे, टपाल खात्यात कारकून, बिजवर, आणि वधूपेक्षा सुमारे वीस वर्षांनी वडील. त्यांनी हुंडा अथवा मानपान यांचा आग्रह धरला नाही. पत्नीस शिकवू दिले पाहिजे, एवढी एकच अट त्यांनी घातली. त्या काळी अशी अट घालणारा जावई विक्षिप्त ठरला, यात नवल नाही.

गोपाळराव विक्षिप्त होतेच, आणि तापटही होते. पत्नीने अभ्यास टाकून स्वयंपाकघरात रमावे हे त्यांना खपत नसे. अभ्यासासाठी त्यांनी त्या कोवळ्या मुलीवर हातही टाकला, हे चरित्रकारांनी लपविलेले नाही. खुद्द आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून पतीस लिहिलेल्या पत्रात त्या दिवसांची आठवण दिली आहे. गौरवाच्या लेखात हे सांगू नये असे कोणी म्हणेल. परंतु ज्या हाताने त्यांना अक्षर शिकविले त्याच हाताने त्यांना मारलेही, ही गोष्ट वगळून लिहिलेले चरित्र अपुरे राहील. त्या पत्रातच आनंदीबाईंनी आपल्या शिक्षणाचे श्रेयही पतीलाच दिले आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना पुत्र झाला व तो दहा दिवसांत गेला. वेळीच योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर बालक वाचले असते, ही जाणीव त्यांच्या मनातून गेली नाही. आपल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरास प्रकृती दाखवीत नाहीत आणि स्त्री डॉक्टर तर मिळत नाही. तेव्हा आपणच डॉक्टर व्हावे, हा संकल्प त्या दुःखातून उभा राहिला.

१८७८ साली गोपाळरावांची नेमणूक कोल्हापुरास असताना त्यांनी अमेरिकेतील एक मिशनरी रेव्हरंड वाइल्डर यांना पत्र लिहिले. पत्नीस शिक्षणासाठी अमेरिकेस आणण्याचा आपला विचार आहे, तिकडे आपणास काही नोकरी मिळेल काय, अशी ती पृच्छा होती. म्हणजे बेत दोघांनी मिळून जाण्याचा होता. पतीने पोटापुरते मिळवावे व पत्नीने विद्या संपादावी, असा तो साधा हिशेब होता. वाइल्डर यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा उपदेश केला आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. इकडे स्वजनांचा रोष, तिकडे धर्मांतराची अपेक्षा. बेत तेथेच थांबला.

परंतु छापलेला कागद कोठे जाऊन पोचेल याचा नेम नसतो. १८८० साली न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टराकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता त्या मासिकाचा जुना अंक त्यांच्या हाती पडला. कोणा अनोळखी हिंदू मुलीची ही धडपड वाचून त्यांना कळवळा आला व त्यांनी पत्र धाडले. पुढे तीन वर्षे पत्रे चालली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. रक्ताचे नाही, धर्माचे नाही, देशाचे नाही, असे हे नाते अखेरपर्यंत टिकले.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर हे बिऱ्हाड अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असे फिरत बंगालमधील श्रीरामपुरास गेले. (आपल्या जिल्ह्यातील श्रीरामपूर ते निराळे.) तेथील कॉलेजच्या दिवाणखान्यात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केले व लोक जे प्रश्न विचारीत होते त्यांस एकेक करून उत्तर दिले. त्यांतील दोन उत्तरे आपण विशेष ध्यानात घ्यावी.

एक प्रश्न असा की, त्या एकट्या का जातात? त्यांनी सांगितले की, प्रथम दोघांनी मिळून जाण्याचाच विचार होता. परंतु दोघांपुरता पैसा नाही, आणि घरची वडीलधारी माणसे व धाकटी भावंडे पतीच्या मिळकतीवर अवलंबून आहेत. एकाने शिकावयाचे तर दुसऱ्याने मागे राहून घर चालविले पाहिजे. दुसरा प्रश्न ज्ञातिबहिष्काराचा. त्यावर त्यांनी निर्भयपणे सांगितले की, आपण येथे जशा राहतो तशाच तेथे राहणार. आहार, पोशाख वा आचार यांत काडीचा फरक करणार नाही. हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परत येणार. मग बहिष्कार कशासाठी?

हे वचन ऐकून सभा संतुष्ट झाली. परंतु आम्हांस येथे थोडे थांबावेसे वाटते. अठरा वर्षांच्या मुलीकडून ज्ञातीने हे वचन घेतले. त्याच्या मोबदल्यात तिला काय दिले? वाटखर्च दिला नाही. परक्या मुलखात तिची विचारपूस करील असा कोणी सोबती दिला नाही. बहिष्काराचा धाक मात्र न मागता दिला.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या. सोबतीस अमेरिकन मिशनरी बाया होत्या. त्यांच्याकडून धर्मांतराच्या आग्रहाचा जाच त्यांना वाटेत सोसावा लागला. ४ जून रोजी न्यूयॉर्क बंदरात कार्पेंटर मावशी त्यांना उतरवून घेण्यास उभ्या होत्या. त्याच वर्षी फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हानियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचा प्रवेश झाला. प्राचार्या रेचल बॉडली यांनी त्यांना शिष्यवृत्तीही मिळवून दिली.

दिलेले वचन त्यांनी तंतोतंत पाळले. त्या कडाक्याच्या हिवाळ्यात त्या लुगडेच नेसत. थंडीपासून बचाव व्हावा म्हणून नेसण्याची तऱ्हा तेवढी गुजराती केली, आणि हा बदलही पतीस पत्राने कळविला. आहार शाकाहारी ठेवला. परदेशात एकटीने शिकणाऱ्या मुलीला अभ्यास, इस्पितळ व चूल तिन्ही सांभाळून असा आहार जुळविणे किती कठीण गेले असेल, हे आपल्या माताभगिनींना सांगावयास नको. प्रकृती खालावत गेली, खोकला जडला. त्या रोगाला पुढे क्षय हे नाव मिळाले. केवळ आहाराने वा थंडीने क्षय होतो असे म्हणता येणार नाही. त्याचे जंतू १८८२ सालीच सापडले होते, पण गुणकारी औषध निघण्यास १९४० नंतरचा काळ उजाडावा लागला. तथापि अशक्त शरीर रोगास लवकर बळी पडते, हेही वैद्यकाचेच म्हणणे आहे.

१८८५ साली गोपाळराव ब्रह्मदेश, चीन, जपान या मार्गाने अमेरिकेस पोचले. दोघांनी मिळून जाण्याचा सात वर्षांपूर्वीचा बेत असा उशिरा व अर्धामुर्धा सिद्धीस गेला. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. ही पदवी मिळाली. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांनी आपल्या प्रबंधाचा विषय केला होता. समारंभास गोपाळराव होते, कार्पेंटर मावशी होत्या, आणि पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या हिंदी स्त्रियांत त्यांची गणना होते.

कोल्हापूर संस्थानाने तेथील आल्बर्ट एडवर्ड इस्पितळाच्या स्त्रीविभागाची सूत्रे त्यांना देऊ केली. हे काम पत्करून पतिपत्नी ऑक्टोबर १८८६ मध्ये अमेरिकेहून निघाली व नोव्हेंबरात मुंबईस उतरली. परंतु कोल्हापूरची ती जागा रिकामीच राहिली. पुण्यात सर्व उपचार झाले. सनातनी व सुधारक दोन्ही पक्षांची माणसे समाचारास येऊन गेली. ज्या बहिष्काराच्या धाकाखाली ही मुलगी साडेतीन वर्षे जगली तो बहिष्कार प्रत्यक्षात कोणी टाकलाच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, आनंदीबाईंनी देह ठेवला. एकाही रुग्णाईत भगिनीची नाडी त्यांना डॉक्टर या नात्याने मायदेशी पाहता आली नाही.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठविल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या विसावल्या आहेत. संगमनेरच्या सुनेला अखेरची जागा दिली ती त्या परक्या घराने. पुढच्याच वर्षी कॅरोलिन डॉल या अमेरिकन विदुषीने इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले आणि १८८९ साली काशीबाई कानिटकरांनी मराठीत. १८९२ साली त्याच महाविद्यालयातून गुरुबाई करमरकर पदवीधर होऊन बाहेर पडल्या. वाट बंद झाली नव्हती.

ज्ञातिबंधुभगिनींनो, हे चरित्र आम्ही आपणांपुढे ठेवले ते केवळ अभिमान वाटावा म्हणून नव्हे. अभिमान बाळगण्याचा आपला अधिकारच येथे थोडा आहे. आज समुद्रपर्यटनास प्रायश्चित्त मागणारे कोणी उरले नाही. परंतु जोडप्यातील एकालाच प्रवेश मिळाला तर दुसऱ्याने काय करावयाचे, मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आईबापांकडे कोणी पाहावयाचे, सुनेच्या शिक्षणास मुलाच्या शिक्षणाइतके मोल द्यावयाचे की नाही, हे श्रीरामपूरच्या सभेतील प्रश्न आपल्या घरांतून अद्याप विचारले जात आहेत. त्यांची उत्तरे शिकावयास निघालेल्या मुलीनेच एकटीने द्यावी, असा आपला रिवाज अजून पुरता सुटलेला नाही.

म्हणून आमची एवढीच विनंती आहे. आपल्या घरातील वा शेजारच्या घरातील जोडपे विद्येसाठी परदेशी निघाले म्हणजे त्यांच्याकडून वचने घेण्याआधी त्यांच्या मागे राहणाऱ्या घराची काळजी आपण वाटून घ्यावी. तिकडे वसलेल्या आपल्या कुटुंबांनी नव्याने येणाऱ्यास उतरवून घेण्यास जावे, चार दिवस आपल्या घरचे अन्न द्यावे. एका अनोळखी बाईने जुन्या मासिकातील मजकूर वाचून जे केले, ते आपणांस आपल्या माणसांसाठी अवघड वाटू नये.