रुडॉल्फ डिझेल: थंड न करता चालणारं इंजिन बनवायला निघालेला माणूस

भर उन्हात बाईकच्या हँडलला फोन लावून मॅप्स चालू ठेवलेत तर थोड्या वेळानं काय होतं, हे तुम्हाला माहीत आहे. स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं आणि फोन तापल्याचा मेसेज येतो. बिघाड व्हायच्या आधीच फोन आपल्याला सांगतो. इंजिनाला मात्र असं बोलायला आपण शिकवावं लागतं. ते का, हे समजून घ्यायचं असेल तर एका माणसाची गोष्ट वाचायला हवी. त्याचं नाव आपण रोज पेट्रोल पंपावर बघतो, पण ते एका माणसाचं आडनाव आहे हे बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही.

पॅरिसमधला जर्मन मुलगा

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ ला पॅरिसमध्ये झाला. आईवडील बव्हेरियातून तिथे आलेले, वडील पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तूंचं काम करायचे. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावं लागलं. घरचे लंडनला गेले आणि १२ वर्षांच्या रुडॉल्फला आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवलं गेलं. ते काका गणित शिकवायचे. मुलगा तिथे रमला आणि लवकरच त्यानं ठरवून टाकलं की आपण इंजिनिअर व्हायचं.

पुढे म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक मिळाले. लिंडे म्हणजे रेफ्रिजरेशनच्या तंत्रातलं फार मोठं नाव. १८८० मध्ये शिक्षण संपवून रुडॉल्फ लिंडेंच्याच कामाला लागला, पॅरिसमधल्या बर्फ बनवणाऱ्या मशीनवर. आता गंमत बघा. ज्याच्या नावाचं इंजिन पुढे जगभर तापत राहिलं, त्याची पहिली नोकरी गोष्टी थंड करायची होती.

कागदावर परफेक्ट, वर्कशॉपमध्ये नाही

त्या काळी कारखाने वाफेवर चालायचे. बहुतेक वाफेची इंजिनं कोळशातल्या ऊर्जेच्या जेमतेम १० टक्क्यांच्या आतबाहेर काम करून द्यायची, बाकी उष्णता वाया. रुडॉल्फला हे सहन होत नव्हतं. त्याचा विचार असा: सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्यायची आणि ती इतकी दाबायची की ती आपोआप प्रचंड तापेल. मग त्यात इंधन सोडायचं. ठिणगी लागणारच नाही, इंधन स्वतःच पेटेल. (सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना, त्याचाच हा थोरला भाऊ.)

१८९२ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ मध्ये पेटंट मिळालं. त्याच वर्षी त्यानं आपला सिद्धांत पुस्तकरूपानं मांडला. त्यात एक धाडसी कल्पना होती. इंधन इतक्या बेतानं जाळायचं की जळताना तापमान वाढणारच नाही. म्हणजे सिलिंडर थंड करायची गरजच नाही, आणि थंड करण्यात जाणारी उष्णताही वाचली.

आपल्या भाषेत सांगायचं तर डिझाइन डॉक्युमेंट एकदम क्लीन होतं. प्रॉब्लेम आला तो प्रत्यक्ष रन करताना.

पहिला रीडिंग देताना फुटलेलं यंत्र

आउग्सबुर्गच्या मशीन कारखान्यात साधारण ३ मीटर उंचीचं पहिलं चाचणी इंजिन उभं राहिलं. थिअरीप्रमाणे त्याच्याभोवती पाण्याचं जॅकेट नव्हतं. सिलिंडरमधला दाब कागदावर काढून दाखवणारं एक यंत्र त्यावर बसवलं होतं, त्याला इंडिकेटर म्हणत. आजच्या सेन्सरचा तो पणजोबा.

१० ऑगस्ट १८९३ ला पहिल्यांदा इंधन आत सोडलं. ते पेटलं, दाब ८० वातावरणांच्या आसपास गेला आणि इंडिकेटरच फुटला. तुकडे उडाले, पण रुडॉल्फ आणि त्याचा सहकारी थोडक्यात बचावले. इंजिन काही चाललं नाही. तरी एक गोष्ट सिद्ध झाली: नुसत्या दाबानं तापलेल्या हवेत इंधन पेटतं.

पुढची लढाई लांब होती. १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर चाललं, साधारण १ मिनिट. तोपर्यंत बाहेरच्या पट्ट्यानं इंजिन फिरवलं जायचं. असं सांगतात की त्या दिवशी पट्टा आता उलटा ओढला जातोय, म्हणजे इंजिनच त्याला ओढतंय, हे आधी एका मेकॅनिकच्या लक्षात आलं. त्यानं काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली.

आणि थंड न करायची कल्पना? ती टिकली नाही. जळणारा वायू क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, आणि बिडाचं लोखंड साधारण १,२०० अंशांना वितळतं. सिलिंडरच्या भिंतीतून उष्णता सतत बाहेर काढली नाही तर वंगण जळतं, पिस्टन फुगतो आणि अडकून बसतो. पुढच्या इंजिनाला पाण्याचं जॅकेट आलं. रुडॉल्फनं हट्ट सोडला म्हणून १८९७ च्या अधिकृत चाचणीत त्याच्या इंजिनानं २६.२ टक्के कार्यक्षमता दाखवली. वाफेवाल्यांसाठी हा आकडा धक्का होता.

शिडाच्या जहाजात डिझेल

१९१० मध्ये ‘फ्राम’ या शिडाच्या नॉर्वेजियन जहाजातलं वाफेचं इंजिन काढून १८० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन बसवलं गेलं. हेच जहाज घेऊन रोआल्ड अमुंडसेन दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघाला. फायदा उघड होता. वाफेच्या इंजिनाला आधी भट्टी पेटवून पाणी उकळावं लागतं, डिझेल हवं तेव्हा सुरू करता येतं. १९१२ मध्ये डेन्मार्कचं ‘सेलांडिया’ हे मोठं मालवाहू जहाज डिझेलवर थेट बँकॉकच्या सफरीला निघालं. आज शिडाच्या छोट्या बोटीतही वारा पडला की हेच इंजिन कामाला येतं.

पण रुडॉल्फला छळणारा प्रश्न तिथे अजून जिवंत आहे: उष्णता बाहेर नेणं.

बोटीत हे काम समुद्राचं पाणी करतं. तळाच्या झडपेतून पाणी आत येतं, गाळणीतून जातं, रबरी पात्यांचा पंप (इम्पेलर) ते पुढे ढकलतो. मग हीट एक्स्चेंजरमध्ये ते इंजिनाच्या कूलंटची उष्णता घेतं. शेवटी ते एक्झॉस्टच्या गरम वायूत मिसळून बोटीच्या मागून बाहेर पडतं.

आता तळाच्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी अडकली समजा. पाणी बंद. रबरी पात्यांना वंगण म्हणून तेच पाणी लागतं, त्यामुळे कोरडी फिरून ती थोड्याच वेळात फाटतात. एक्झॉस्टचा रबरी पाइप लगेच तापायला लागतो. पण डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा? तो निवांत असतो. कारण तो मोजतो इंजिनाच्या आतलं कूलंट, आणि तेवढं द्रव आणि लोखंड तापायला काही मिनिटं लागतात. आणखी वाईट म्हणजे कूलंट गळून गेलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि चक्क कमी तापमान दाखवू शकतो.

म्हणून जाणकार नावाडी इंजिन सुरू केलं की आधी मागे वाकून बघतात, पाणी बाहेर पडतंय ना. आवाज कोरडा झाला किंवा पांढरी वाफ दिसली की इंजिन बंद. इलेक्ट्रॉनिक इशाराही तिथेच लावायचा: एक्झॉस्टच्या पाइपवर तापमानाचा सेन्सर किंवा पाण्याच्या वाटेवर फ्लो सेन्सर, आणि जोडीला बझर. कूलंटचा काटा परिणाम सांगतो. हे सेन्सर कारण सांगतात, आणि तेही पंप बदलायला वेळ हातात असताना.

शेवटची बोट

रुडॉल्फच्या आयुष्यात इशारे कमी नव्हते. सुरुवातीची इंजिनं ग्राहकांकडे बिघडत होती, पेटंटवरून वाद चालू होते, डोकेदुखी पाठ सोडत नव्हती. १८९८ मध्ये तब्येत इतकी ढासळली की त्याला उपचारासाठी दाखल व्हावं लागलं. पैसा भरपूर आला, पण चुकीच्या गुंतवणुकीत गेलाही. बाहेरून बघणाऱ्याला तो यशस्वी, सन्मानित, श्रीमंत शोधक दिसत होता. डॅशबोर्डचा काटा नॉर्मल होता.

२९ सप्टेंबर १९१३ ला तो अँटवर्पहून हार्विचला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ या बोटीत चढला. सोबत्यांबरोबर जेवला, रात्री केबिनमध्ये गेला. सकाळी केबिन रिकामी होती, बिछाना वापरलेलाच नव्हता. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह सापडला. त्यावरच्या वस्तू मुलानं ओळखल्या. रुडॉल्फ तेव्हा ५५ वर्षांचा होता आणि मागे मोठं कर्ज होतं. त्या रात्री नेमकं काय झालं यावर आजही वाद आहेत.

त्याचं १८९७ चं इंजिन म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे. आणि मिरकरवाड्यापासून ससून डॉकपर्यंत कुठल्याही बंदरावर पहाटे उभे राहा, मच्छीमार बोटींमध्ये त्याचीच कल्पना धडधडताना ऐकू येईल. पुढच्या वेळी बोटीत बसलात तर एकदा इंजिनाच्या पाण्याची धार शोधा. ती चालू आहे तोवर सगळं ठीक. आणि जवळचा एखादा माणूस वरून अगदी ठीक दिसत असला, तरी अधूनमधून त्यालाही एक फोन करा.