पडत्या वजनाचा हिशेब मांडणारा डॉक्टर

दोन किलोचा दगड 20 मीटर उंचीवरून सोडला, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग किती असेल? अकरावीच्या मुलांना असले गणित हमखास असते. वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की स्थितिज ऊर्जा मिळते, सुमारे 392 ज्यूल. पडताना तिची गतिज ऊर्जा होते. हवेचा विरोध सोडून दिला तर वेग येतो सेकंदाला 19.8 मीटर, म्हणजे ताशी साधारण 71 किलोमीटर. समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे वस्तुमान कटून जाते, त्यामुळे दगड दोन किलोचा असो की दोनशे, वेग तोच. उत्तर जुळले की मुले पुढच्या गणिताकडे वळतात. दगड आदळून थांबल्यावर ते 392 ज्यूल गेले कुठे, हे सहसा कोणी विचारत नाही.

हा प्रश्न ज्यांनी विचारला आणि त्याचे उत्तर आकड्यात काढले, ते आमच्याच पेशातले होते. जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावचे डॉक्टर युलियस रॉबर्ट मायर.

त्यांचा जन्म 25 नोव्हेंबर 1814 चा. वडिलांचे औषधांचे दुकान. लहानपणी त्यांनी ओढ्यावर पाणचक्की लावून, तिनेच पाणी पुन्हा वर चढवायचे आणि चक्की कायम फिरत ठेवायची, असा घाट घातला होता. तो अर्थातच फसला. खाली येणारे पाणी जेवढे देते त्याहून जास्त वर नेता येत नाही, हा धडा मात्र पक्का झाला असावा. ट्यूबिंगेनला वैद्यकीय शिक्षण घेताना बंदी असलेल्या विद्यार्थी संघटनेत गेल्याबद्दल त्यांना अटक झाली, वर्षभर विद्यापीठाबाहेर राहावे लागले. 1838 मध्ये पदवी मिळाली, आणि 1840 च्या फेब्रुवारीत पंचविशीतले हे डॉक्टर एका डच जहाजावर वैद्य म्हणून जावाकडे निघाले.

त्या काळी ताप असो, छातीचा आजार असो, शीर उघडून रक्त काढणे हा सर्रास उपाय होता. जावा बेटावरच्या सुराबाया बंदरात खलाशांच्या दंडातून रक्त काढताना मायर चपापले. शिरेतले रक्त काळपट लाल असते. हे तर लालभडक होते. शिरेऐवजी धमनीच कापली गेली की काय, अशी शंका त्यांना आली. तिथल्या डॉक्टरांना त्यात नवल नव्हते. उष्ण प्रदेशात असेच असते, असे त्यांनी सांगितले.

दुसरा कोणी असता तर तिथेच विषय संपला असता. मायर यांनी विचार केला तो असा: शरीर अन्न जाळून ऊब निर्माण करते, हे लाव्होझिए यांनी दाखवले आहे. बाहेर उकाडा असेल तर ऊब कमी लागते, कमी जाळावे लागते, प्राणवायू कमी खर्च होतो, म्हणून रक्त लाल राहते. पण माणूस अन्नातून नुसती ऊब काढत नाही. तो ओझी उचलतो, दोर ओढतो. म्हणजे एकाच अन्नाचा खर्च दोन खात्यांत पडतो. मग उष्णता आणि काम यांच्यात ठरलेला विनिमय दर असलाच पाहिजे.

इथे एक वैद्यकीय तळटीप देणे भाग आहे. उकाड्यात त्वचेचा रक्तप्रवाह खूप वाढतो. तेवढे रक्त त्वचेच्या गरजेसाठी लागत नाही, ते शरीर थंड करायला येते आणि बराचसा प्राणवायू न वापरता शिरांत परतते. दंडातले रक्त लाल दिसण्याचे मुख्य कारण हे. म्हणजे मायर यांचे निदान चुकले होते आणि त्यातून सुचलेला विचार मात्र बरोबर होता. वैद्यकात असे क्वचितच घडते.

1841 मध्ये गावी परतल्यावर त्यांनी पहिला निबंध पोगेनडॉर्फ यांच्या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाकडे पाठवला. त्यात चुका होत्या, आणि तो छापला गेला नाही. दुसरा निबंध 1842 मध्ये लीबिग यांच्या रसायनशास्त्राच्या नियतकालिकात आला. त्यात मायर यांनी आपल्या दगडाच्या गणिताचे मर्म सांगितले आहे. दगड पडतो तेव्हा त्याचे वजन खर्च होत नाही, ते खालीही तेवढेच असते. खर्च होते ती उंची. उचललेले वजन ही साठवलेली पुंजी आहे, आणि पडून थांबल्यावर ती उष्णतेच्या रूपात निघते. स्थितिज ऊर्जा हा शब्द तोवर कोणी वापरलेला नव्हता. रँकिन यांनी तो 1853 मध्ये दिला.

दर काढण्यासाठी मायर यांनी नवा प्रयोग केला नाही. बंद भांड्यातली हवा तापवायला कमी उष्णता लागते, आणि तीच हवा वरचा भार उचलत फुगत असेल तर जास्त लागते, हे आकडे उपलब्ध होते. जास्तीची उष्णता भार उचलण्यात गेली, असे धरून त्यांनी हिशेब केला. उत्तर आले 365 मीटर. म्हणजे एक किलो वजन एवढ्या उंचीवरून पडले, तर निघणाऱ्या उष्णतेने एक किलो पाणी एक अंशाने तापेल. आजचा आकडा सुमारे 427 मीटर आहे. हवेच्या उष्णतेचे तेव्हाचे आकडेच सदोष होते, पद्धतीत खोट नव्हती.

बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली किलोकॅलरी म्हणजे नेमकी हीच उष्णता, एक किलो पाणी एक अंश तापवणारी. जिने चढून किती कॅलरी जळतात, असे रुग्ण मला विचारतात, तेव्हा मी मायर यांच्याच गणिताने उत्तर देतो. 60 किलोच्या माणसाने तीन मजले, म्हणजे साधारण 10 मीटर चढले, तर उचलण्याचे काम जेमतेम 1.4 किलोकॅलरीचे. स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा कामात उतरवतात, बाकीची ऊब होते. तरी खर्च सहाच्या आसपास. चेहरे पडतात. जिने जरूर चढावेत, हृदयाला आणि मांड्यांना त्याचा फायदा आहे, पण त्या बळावर वडापाव माफ होत नाही.

1845 मध्ये मायर यांनी सजीवांच्या ऊर्जेवर पुस्तक लिहिले आणि पदरच्या पैशाने छापले. 1848 मध्ये सूर्याच्या उष्णतेवर लिहिले: सूर्य नुसता जळत असता तर काही हजार वर्षांत विझला असता, तेव्हा त्याच्यावर कोसळणाऱ्या उल्कांमुळे तो तापत असावा. पुन्हा तेच पडत्या दगडाचे गणित, फक्त सूर्याच्या मापाचे. हा तर्क पुढे टिकला नाही. सूर्याची ऊर्जा अणुकेंद्रांच्या संमीलनातून येते, हे विसाव्या शतकात कळले.

याच सुमारास सगळे एकदम कोसळले. लहान मुले दगावली. 1848 च्या क्रांतीत घरातच फूट पडली, भाऊ एका बाजूला, हे दुसऱ्या. इंग्लंडमध्ये जेम्स ज्यूल यांनी पाणी घुसळून, मोजून मापून तोच दर काढला होता आणि श्रेय त्यांच्याकडे जात होते. ज्यूल यांचे प्रयोग अस्सल होते, त्यांनी काही चोरले नव्हते. पण मायर यांचा दावा म्हणजे एका हौशी गावठी डॉक्टरची बडबड, अशी थट्टा वृत्तपत्रात झाली. मे 1850 मध्ये त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. ते वाचले. पुढची काही वर्षे मनोरुग्णालयांत गेली, आणि तिथे त्यांना खुर्चीला जखडून ठेवले जाई. ते करणारे डॉक्टरच होते, आणि रुग्णाने आपल्या शोधाबद्दल बोलणे हेच त्यांच्या लेखी आजाराचे लक्षण होते. सरकारी रुग्णालयात इतकी वर्षे काढल्यावर मला त्यांच्या चरित्रातला हा भाग सर्वांत जड जातो. रुग्ण सांगतो ते खरेही असू शकते, ही शक्यता त्यांनी तपासलीच नाही.

1853 मध्ये सुटल्यावर ते घरी परतले आणि निमूटपणे दवाखाना चालवू लागले. ते मनोरुग्णालयात वारले अशी समजूत पसरली होती, तसे छापूनही आले. 1862 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडॉल यांनी व्याख्यानात त्यांचे श्रेय जाहीरपणे मांडले. टिंडॉल स्वतः इंग्लंडात काम करणारे, ज्यूल यांच्या बाजूच्या मंडळींचा रोष ओढवून घेऊन त्यांनी हे केले. रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक 1870 मध्ये ज्यूल यांना आणि 1871 मध्ये मायर यांना मिळाले.

20 मार्च 1878 रोजी हाइलब्रॉनमध्येच क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी दाखवला तो त्यानंतर चार वर्षांनी, 1882 मध्ये.